शेजाऱ्यांची टाकी अन् बर्नार्डचा तारा

मागच्या आठवड्यात लॅपटॉपवर दोन फोटो एकावर एक ठेवले, एक मे २०२३ चा अन् एक मे २०२५ चा, दोन्ही आमच्याच गच्चीवरून काढलेले अन् तेव्हापासून हार्डडिस्कमध्ये पडलेले. आलटून पालटून दाखवायला लागलो तर बाकी सगळे तारे जिथल्या तिथं अन् मधातला एकच ठिपका टुणटुण उड्या मारून राहिला. मी खुर्चीतून उठलोच बावा.

हा बर्नार्डचा तारा. भुजंगधारी तारकासमूहात आहे, फक्त सहा प्रकाशवर्षांवर, अल्फा सेंटॉरीची तिकडी सोडली तर आपल्याला सगळ्यात जवळचा. पण लाल खुजा (लहान अन् मंद) तारा, प्रत साडेनऊ (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यानं दिसायचा प्रश्नच नाही. १९१६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड यांच्या लक्षात आलं की हा वर्षाला १०.३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. तसं पाहिलं तर काहीच नाही, पुनवेच्या चंद्राएवढं अंतर कापायला पावणेदोनशे वर्षं लागतील, पण आकाशात याच्यापेक्षा जोरात सरकणारा दुसरा तारा नाही.

माझी दुर्बीण सहा इंची, फोकल लेंथ ७५० मिमी, मागं जुना डीएसएलआर कॅमेरा. हिशोब केला तर एक पिक्सेल साधारण एक विकला, म्हणजे दोन वर्षांत वीसेक पिक्सेल सरकायला पाहिजे. मोजले. वीस!

आता टाकीचं. माउंट, म्हणजे ताऱ्यांमागं दुर्बीण फिरवणारा मोटरवाला स्टँड, ध्रुवताऱ्याकडे लावून घ्यावा लागतो, नाहीतर मोटर कितीही चांगली असो, ताऱ्यांच्या शेवया होतात. अन् नागपूरला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर, बरोब्बर तिथंच शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी. त्यामुळं दर वेळी एखादा तारा धरून तो कुठं घसरतो ते पाहत पाहत माउंट सरकवत बसायचं, यातच तासभर जातो. (अल्फा सेंटॉरीचं तर बोलूच नका, ते आपल्याकडून आठेक अंशाच्या वर चढतच नाही, अन् त्या बाजूला आमच्याकडे धूळ अन् फ्लॅट.)

भुजंगधारी मध्यरात्री डोक्यावर यायचे दिवस म्हणजे जून-जुलै, तेव्हा ढग. म्हणून मे. मे मधलं नागपूर मी सांगायला नको, रात्री दोनलाही स्लॅब तापलेला असते, कॅमेऱ्याचा सेन्सरही तापते अन् फोटोत लाल-निळी रांगोळी पडते. मग झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो काढायचे अन् ते वजा करायचे. १५ सेकंदांचे साठ फोटो घेतले, त्यातले बावीस फेकले, कारण आईचा कूलर. ती गच्चीवरच झोपते उन्हाळ्यात, अन् कूलर सुरू झाला की स्लॅब थरथरते हे मला फोटो मोठे करून पाहिल्यावर कळलं.

याच ताऱ्यानं मोठमोठ्यांनाही असंच फसवलं आहे. खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हॅन दे काम्प यांनी १९६३ मध्ये जाहीर केलं की तारा डुलतो, म्हणजे त्याला ओढणारा एखादा ग्रह आहे. दहा वर्षांनी निघालं की ते डुलणं ताऱ्याचं नव्हतंच, दुर्बिणीच्या भिंगाची दुरुस्ती केली तेव्हा तेव्हा फोटोतले सगळेच तारे हललेले. म्हणून वीस पिक्सेल दिसल्यावर मी आधी आजूबाजूचे तीसेक तारे तपासले, तेव्हाच विश्वास ठेवला. खरा ग्रह सापडला तो २०२४ मध्ये, सव्वातीन दिवसांपेक्षाही कमी वेळात ताऱ्याभोवती चक्कर मारणारा. ते माझ्या गच्चीवरून होणारं काम नाही.

आईला दाखवलं. ती लहानपणापासून सप्तर्षींना बाज म्हणते, चार खूर अन् मागं तीन चोर. बराच वेळ पाहिलं अन् म्हणाली, "हा एकटाच काऊन चालून राहिला?"

म्हटलं, "चालते सगळेच आई, हा जवळ आहे म्हणून दिसते. अन् नुसता आडवा नाही, आपल्याकडेही येऊन राहिला, सेकंदाला ११० किलोमीटर."

"अन् चोर?"

चोरांचा फोटो कधी काढलाच नव्हता.

येत्या मे मध्ये तिसरा फोटो घ्यायचा आहे. मधल्या काळात शेजाऱ्यांनी टाकीच्या बाजूला अजून एक टाकी ठेवली.