कडप्पा, नट आणि मालगाडी

गाणी ऐकायच्या सामानाचा रॅक एकदाचा उभा राहिला. दुसऱ्या प्रयत्नात. खर्च २,३४० रुपये, त्यात पहिल्या चुकीचे ४०० धरलेत.

आधीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं घर अमळनेरला, रेल्वेलाइनपासून फार लांब नाही. सुरत-भुसावळ मार्गावरच्या मालगाड्या रात्री चांगल्याच जाणवतात. सामान साधं: बेल्ट ड्राइव्हचा (पट्ट्याने तबकडी फिरवणारा) रेकॉर्ड प्लेअर, ९ किलोचा अ‍ॅम्प म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि तळहाताएवढा फोनो प्रीअ‍ॅम्प, जो सुईकडून येणारा बारीक सिग्नल अ‍ॅम्पसाठी वाढवतो. सगळं टीव्हीच्या टेबलावर एकावर एक रचलेलं. मे महिन्यात अ‍ॅम्पच्या झाकणावर हात ठेववत नव्हता, आणि सीडी प्लेअर त्याच्याच डोक्यावर शेकत बसलेला.

बाजार फिरून झाला होता. टीव्ही युनिट पाठीमागून बंद आणि फळ्या भुशाच्या, वजनाने पोटात वाकणाऱ्या. दुकानात माल ठेवतात तो लोखंडी अँगलचा रॅक स्वस्त, पण पत्र्याला टिचकी मारा, डबा वाजतो. कॉम्प्युटरवाल्यांच्या १९ इंची रॅकला सामान पुढून स्क्रूने कसायचं असतं. आपल्या ४३ सेंटिमीटर रुंद अ‍ॅम्पला स्क्रूसाठी तसे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, नसतात. खास ऑडिओचा तयार रॅक घ्यावा, तर तेवढ्या पैशांत दुसरा अ‍ॅम्प येतो.

मला मुळात दोनच गोष्टी हव्या होत्या, हवा आणि पातळी. पातळीचं दुखणं काळ्या मातीचं आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि आमच्या जुन्या घराची फरशी तिच्याबरोबर हलते. दिवाळीला सरळ असलेला प्लेअर मेमध्ये एका कोपऱ्याला कललेला. म्हणून अख्ख्या लांबीला आटे असलेले चार रॉड आणि त्यांवर नटांनी धरलेल्या प्लायच्या फळ्या, असं ठरवलं. नट फिरवला की फळी वर-खाली होते. १२ मिमीच्या रॉडवर एका फेऱ्याला पावणेदोन मिमी. इतकं बारीक काम पाचर ठोकून होत नाही.

पहिली चूक कंजूषपणाची. ८ मिमीचे रॉड आणले. अ‍ॅम्प चढवला आणि रॅक वाऱ्यातल्या केळीसारखा डुलायला लागला. मग १२ मिमीचे आणले, ६२ सेंटिमीटरवर कापले आणि उंची कमीच ठेवली. एक युक्ती सांगून ठेवतो: करवत चालवण्याआधी रॉडवर एक नट चढवून ठेवा. कापून झाल्यावर तो काढताना टोकाचे चेपलेले आटे तोच सरळ करतो. पहिल्या रॉडला हे केलं नाही, तर कानशीने घासत अर्धी दुपार गेली.

फळ्या तीन, १८ मिमी प्लायच्या, ५५ बाय ४५. भोकं कडेपासून ३ सेंटिमीटर आत. चोवीस नट बोटांनी फिरवत खाली आणायचे म्हणजे जपमाळच. आई दारातून बघत होती. म्हणाली, "हाई काय शे? देव्हारा शे का?"

पण खरा शोध तिचाच. स्वयंपाकघराचा जुना ओटा फोडला तेव्हाचा कडप्पा परसात भिंतीला टेकवून पडला होता, त्यावर ती मिरच्या वाळवायची. फरशीवाल्याकडून ४४ बाय ४० कापून घेतला, कापायचे १५०. जाडी २ सेंटिमीटर, वजन साधारण साडेनऊ किलो. वरच्या फळीवर रबराचे चार तुकडे, त्यांवर कडप्पा, कडप्प्यावर प्लेअर. गवंड्याची पाणसळ ठेवून मागचा डावा नट अर्धा फेरा फिरवला आणि बुडबुडा मधोमध आला. मोबाइलची पाणसळ मात्र दर वेळी वेगळंच सांगत होती, ती मी सोडली.

अ‍ॅम्प मधल्या फळीवर, वर १२ सेंटिमीटर मोकळं, पाठ उघडी. तासाभरानेही झाकणावर हात टिकतो. रेकॉर्ड रॅकवर ठेवलेल्या नाहीत. कव्हरसकट एक पाव किलोच्या आसपास, म्हणजे शंभरांचे पंचवीस किलो. आजोबांच्या सागवानी पेटीतच त्या बऱ्या.

हादरा सुईपर्यंत पोचतो का ते बघायला थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवली, आवाज थोडा वाढवला आणि फळीवर बोटाने ठोकलं. टेबलावर हाच ठोका स्पीकरमधून 'ढम्म' यायचा, आता नुसता 'टक'. खूश झालो. रात्री साडेअकराला मालगाडी आली आणि वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा पूर्वीसारखाच मागे-पुढे डोलला. इतका खालचा हादरा कडप्प्याच्या वजनाला जुमानत नाही, तो जमिनीतून रॅकसकट सगळंच हलवतो.

पुढच्या रविवारी कडप्पा आणि प्लेअर उचलून लाइनच्या विरुद्ध बाजूच्या विटेच्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेटला बसवून बघणार आहे. भिंत दीड फुटाची आहे. वरची फळी रिकामी झाली, तर आईने ती आधीच मागून ठेवली आहे.