तीन वेताळ आणि एक माळा

कोकणात जुन्या वस्तूंचा बाजार भरत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मुंबईच्या चोरबाजारासारखं काही डोक्यात ठेवून निघायला नको. कोकणात भरतो तो आठवडा बाजार. त्यात सुकी मासळी असते, कोयते असतात, गावठी मिरची असते, आणि कडेला गोणपाट पसरून एखादा भंगारवाला बसलेला असतो. मला जे हवं असतं ते त्या गोणपाटावर असण्याची शक्यता शंभरात दोन. तरी गेली सात-आठ वर्षं शिमगा उरकला की मी चार दिवस काढून बाजार हिंडतो. शोधतो मुख्यतः मराठी कॉमिक्स आणि जुनी मुलांची मासिकं. पितळ, काडेपेट्यांची लेबलं, नाणी हे सगळं नंतर.

यंदा सुरुवात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून केली. हा बाजार मला आवडतो तो मयड्याच्या केळ्यांसाठी आणि पावासाठी. जुन्या वस्तूंचे दोन-तीन ठेले तिथे असतात, पण पर्यटकांमुळे भाव चढलेले. एका ठेल्यावर पोर्तुगीज नाणी होती. विकणाऱ्याने एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "चारशे वर्सां पोरणें." उलटं करून पाहिलं तर नाण्यावर स्वच्छ १९५९ लिहिलेलं. गोव्यात १९५८ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला आणि १९६१ मध्ये पोर्तुगीजच गेले, त्यामुळे ही नाणी जेमतेम तीन-चार वर्षं चालली. मी त्याला साल दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, मग शंभर रुपये द्या. दिले. असल्या माणसांवर राग धरता येत नाही.

कॉमिक्स? एकही नाही. इंग्रजी मासिकांचे ढीग होते, त्यात मला रस नव्हता.

मंगळवारी सावंतवाडी. बाजाराआधी मोती तलावाच्या काठाने राजवाड्यात गेलो, तिथे गंजिफा रंगवण्याचं काम चालतं. गोल पत्ते, वर लाखेचा हात. दशावतारी गंजिफेचा पूर्ण संच १२० पत्त्यांचा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. हे सांगायचं कारण असं की त्याच दिवशी बाजाराबाहेर एकाने मला चार सुटे गंजिफा "पणजोबांच्या वेळचे" म्हणून दाखवले. रंगाचा वास अजून येत होता. घेतले नाहीत. नवाच पत्ता घ्यायचा तर तो रंगवणाऱ्याच्या हातून घ्यावा.

सावंतवाडीत मिळाले ते 'चांदोबा'चे दोन अंक, मुखपृष्ठ नसलेले. तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली सुरू झालेलं हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागलं, आणि आमच्या पिढीने विक्रम-वेताळ ओळखला तो त्यातल्या चित्रांमुळेच. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे काळोखं झाड. ते चित्र काढणारे 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. दोन्ही अंकांच्या पिना गंजून गळाल्या होत्या आणि त्यांच्याभोवती कागदावर तपकिरी वर्तुळं उमटली होती. किनाऱ्याजवळचा कागद असाच मरतो, आधी पिन, मग घडी. डिंकाचा भाग कसर खाते, उरलेलं वाळवी. वीस रुपयांना दोन.

बुधवारी कुडाळ. आतेभाऊ तिथेच राहतो, त्याच्या स्कूटरवर बाजारात गेलो. त्याला माझ्या या नादाची लाज वाटते. मी भंगारवाल्यापाशी उकिडवा बसलो की तो चार पावलं लांब उभा राहतो, जणू ओळख नाही. त्या दिवशीही तसाच उभा होता. माझ्यापुढे तपेली, फुटकी समई, पावशेराचं एक लोखंडी वजन. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "जुनी पुस्तकं? मुलांची, चित्रांची?"

भंगारवाल्याने वजन पुसता पुसता मान हलवली. मग आठवल्यासारखं म्हणाला, "परवा एका घरात गेल्लंय. म्हातारेन तांबा-पितळ दिल्यान, पण पुस्तकांची पेटी काय दिल्यान नाय. म्हणता, तेच्यात वेताळ आसा."

चार पावलांवरून आतेभाऊ मोठ्याने हसला. मी मात्र उठून उभा राहिलो होतो.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत निर्माण केलेला फँटम, म्हणजे जंगलात राहणारा, कवटीची अंगठी घालणारा बुरखाधारी. टाइम्स ऑफ इंडियाच्या घराण्याने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढली, तेव्हा मराठीत त्याचं नाव झालं वेताळ. पिढ्यान्‌पिढ्या मुलगा बापाची जागा घेतो, म्हणून लोकांना वाटतं हा मरतच नाही, चालतं-फिरतं भूत आहे. इंद्रजाल आधी मासिक होतं, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक, आणि १९९० मध्ये बंद पडलं. इंग्रजीत क्रमांक ८०५ पर्यंत गेले, पण संपामुळे १२३ आणि १२४ निघालेच नाहीत. ते दोन कुणी विकायला आणले तर समजून घ्या. मराठी अंकांचं दुखणं वेगळं. ते मुलांनी खरोखर वाचले, फाडले, उसने दिले आणि संपवले. त्यामुळे आज इंग्रजी सापडतात, मराठी नाही.

तर घर. कुडाळ-वेंगुर्ला रस्त्यापासून आत, गावाचं नाव सांगणार नाही. माझ्यासारखे आणखी दहा जण मोटारसायकल काढून त्या माउलीच्या दारात उभे राहतील. सारवलेलं खळं, त्यावर वाळत घातलेली आमसुलं, पडवीत आजी. ऐंशीच्या पुढच्या.

"काय ओ, रद्दीवाले काय तुमी?"

"नाही आजी. जुन्या पुस्तकांची पेटी आहे असं कळलं. बघायला मिळेल का?"

माझी मालवणी आजोळापुरती, ऐकायची. बोलायला गेलो की पुण्याचा वास येतो. आजींनी आतेभावाकडे पाहिलं, त्याचं आडनाव, वाडी, आईचं माहेर सगळं विचारून घेतलं, आणि मग मला म्हणाल्या, "चडा माळ्यार. माका चडूक येणा नाय."

माळा स्वयंपाकघरावर. खाली चूल अजून पेटते. वासे, कौलं, दोर, सगळं धुराने काळं. पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा दमट वास आलाच नाही. धुराचा आला, सुक्या आमसुलासारखा. तेव्हा कळलं की हा कागद वाचला कशामुळे. पन्नास पावसाळे त्या चुलीने तो सुकवला होता, आणि धुरात किडा टिकत नाही.

आत तीन गठ्ठे. एक खाली आणून पडवीतल्या उजेडात उघडला. पाच-पाच अंक एकत्र करून दाभणाने सुतळी ओवून शिवलेले, वर कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर, पाठीवर निळ्या शाईत 'वेताळ – ३'. पिना आधीच काढून टाकलेल्या. संग्राहकाच्या दृष्टीने हे पाप, प्रत्येक अंकाला कडेने पाच भोकं, किंमत निम्म्याहून खाली. पण पिना काढल्या म्हणूनच गंज लागला नव्हता. ज्याने हे शिवलं त्याला कागद आणि कोकण दोन्ही ठाऊक होतं. मधल्या एका अंकात बहादूर निघाला, १९७६ मध्ये आबिद सुरतींनी आणलेला आपला देशी नायक. कुण्या पोराने त्याच्या चेहऱ्यावर पेन्सिलने मिशी काढलेली. पुढच्या पानावर वेताळाच्या बुरख्यावरही काढायला घेतली होती, पण ती अर्धवट सोडून रबराने खोडलेली. तिथला कागद पातळ होऊन पलीकडची चित्रं दिसत होती.

"मिशी का खोडली?" मी विचारलं.

"माझ्या मोठ्या झिलान काढल्यान. मी मारलंय. वेताळाच्या तोंडार रेघो मारतत काय?"

आजींना वाचता येत नव्हतं. मुलांनी वाचून दाखवलेलं नाव तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. त्यांच्या गावापासून आरवली लांब नाही, आणि आरवलीचा वेतोबा, म्हणजे तिथला ग्रामदेव वेताळ, रात्री गावाची राखण करत फिरतो हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. हा चित्रातलाही रात्री फिरतो, वाईट माणसांना बुकलतो, मरत नाही. मग तो वेगळा कसा? मी सांगणार होतो की हा अमेरिकेतला. तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाण्याक दिलंय तर तो तेच्या पुड्यो बांधतलो," त्या म्हणाल्या. "देवाच्या नावाचो कागद पायाखाली येतलो."

अंक आणायचे ते त्यांचे दीर. मुंबईला गिरणीत होते. मे महिन्यात गावी येताना वर्षभराचे अंक गोळा करून आणायचे आणि सुट्टीत बसून शिवायचे. मी तिन्ही गठ्ठे चाळले, तारखा वहीत उतरवल्या. १९७०च्या आसपास सुरू होत होते. शेवटचा अंक एप्रिल १९८१ चा. त्यानंतर काहीच नाही, तिसऱ्या गठ्ठ्यात सुतळीचा उरलेला तुकडा फक्त.

"पुढचे कुठे गेले, आजी?"

"मगे संप झालो."

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या मेमध्ये दीर आले ते रिकाम्या हाताने, आणि परत गेले नाहीत. आजी एवढंच बोलल्या आणि आमसुलं उलटायला उठल्या. आतेभावाने त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि तो उलटू लागला.

पैशांचं मी तीनदा काढलं. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नाही, दुसऱ्यांदा हसल्या, तिसऱ्यांदा रागावल्या. शेवटी एक गठ्ठा माझ्या हातात दिला, 'वेताळ – ३'. दोन माळ्यावर परत गेले, नातवंडं मेमध्ये येतात म्हणून. "इकूक नको," एवढी अट. आणि आरवलीला जाऊन माझ्या नावाने केळ्यांचा घड ठेव, गुडघ्यांमुळे दोन वर्षं जाणं झालं नाही.

गुरुवारी सकाळी वेंगुर्ल्यात घड घेतला आणि शिरोड्याच्या रस्त्याने आरवलीला गेलो. आरवली म्हणजे जयवंत दळवींचं गाव. देवळात वेतोबाची धिप्पाड मूर्ती, आणि देवाला वाहिलेल्या चपला. चामड्याच्या, दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील एवढ्या. देव रात्री फिरतो, तळवे झिजतात, म्हणून लोक नवसाला नव्या चपला वाहतात. केळ्यांचे घड तर टांगलेले, रचलेले, सगळीकडे.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत दुसरा वेताळ होता, जुन्या पंच्यात गुंडाळलेला. प्लॅस्टिकमध्ये मुद्दाम घातला नव्हता, आत घाम धरतो.

गाऱ्हाणं घालणाऱ्याने घड घेतला आणि विचारलं, "कोणाच्या नावान? काय सांगू देवाक?"

मी आजींचं नाव आणि गाव सांगितलं. आणखी काय सांगायचं ते सुचेना. म्हणालो, "पेटी सुखरूप आहे म्हणून सांगा."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पेटी कसली ते विचारलं नाही, आणि हात जोडून मोठ्याने सुरू केलं. मागे पाया पडायला थांबलेली तीन-चार माणसं दर वाक्याला म्हणत होती, "व्हय महाराजा." तिसऱ्या वेळेला आतेभाऊही म्हणाला.