सरांनी झाकलेलं चित्र

नववी 'ब'चा वर्ग, शाळा सुटलेली. इंटरमिजिएटला बसलेले आम्ही सात-आठ जण थांबलो होतो. चित्रकलेच्या सरांनी एक जाडजूड पुस्तक उघडलं आणि चित्राच्या वरच्या भागावर ड्रॉइंग पेपर दाबून धरला. खाली उरली पेंगुळलेली मांजर, एक उंदीर आणि चार अनवाणी पावलं.

"सांगा, ही झडप का घालत नाही?"

"पोट भरलंय सर." "म्हातारी झालीय."

"अजून पाप घडलेलं नाही म्हणून," सर म्हणाले. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने कागद उडाला. वर उघडेनागडे आदम-हव्वा! वर्गात खसखस पिकली, सरांचे कान लाल झाले.

पुढे जे.जे.त ते चित्र पुन्हा भेटलं. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्युररने १५०४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, फुलस्केपहूनही लहान. साप हव्वेला फळ देतोय. पुढच्याच क्षणी सगळं बिघडणार. म्हणजे सरांचं उत्तर बरोबर होतं. तेव्हाच्या युरोपीय वैद्यकात माणसाच्या शरीरात चार रस मानत, आपल्या कफ-पित्तासारखे. मांजर म्हणजे तापट पित्त, बैल कफ, ससा रक्त आणि झाडामागचं सांबरासारखं एल्क म्हणजे काळं पित्त. पाप घडेपर्यंत चौघं गुण्यागोविंदाने एकत्र. ते घडलं की तोल जाणार, आजार येणार, मरण येणार. उंदराचं काय होणार ते सांगायला नकोच.

आदमच्या बाजूला फांदीवर एक पाटी टांगलीय, तिच्यावर ड्युररचं नाव आणि साल. पाचवीत मी खोडरबरावर नाव कोरलं होतं, ते उलटं उमटलं आणि आठवडाभर चिडवून घेतलं. या गड्याला ती अख्खी लॅटिन ओळ तांब्यावर उलटी कोरावी लागली. चित्राचे, कोरीवकाम अर्धवट असताना कागदावर काढून पाहिलेले काही चाचणी ठसे शिल्लक आहेत. त्यांत मागचं रान बरंचसं भरलेलं, आणि माणसांच्या जागी बव्हंशी कोरा कागद! ते पाहिले तेव्हा एकटाच हसलो. सरांचा ड्रॉइंग पेपर आठवला.

एक गोष्ट मात्र फार उशिरा ध्यानात आली. बायबलात लाज वाटते ती फळ खाल्ल्यावर. पानं त्यानंतर येतात. इथे फळ अजून हातात, आणि डहाळ्यांची पानं दोघांच्याही नेमकी जिथे हवी तिथे आलेली. झाकाझाकी ड्युररनेही केलीच होती. आपल्या सरांनी कागद जरा मोठा घेतला, इतकंच.