तीन सेकंदांचा एक किलोमीटर

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घराबाहेर पडणे हा आमच्या वर्गातल्या सहा जणांचा जुना रिवाज आहे. शाळा ठाण्याच्या नौपाड्यातली, घरे चरई, टेंभी नाका आणि राम मारुती रस्त्याच्या आसपास, त्यामुळे पूजा आटोपली, लाह्या-बत्ताशांचा प्रसाद तोंडात टाकला, की तलावपाळीच्या कठड्यावर येऊन बसायचे आणि मासुंदा तलावाच्या पाण्यात उलटे उमटणारे बाण पाहायचे, एवढाच कार्यक्रम असे. अलीकडे मात्र त्या कठड्याजवळ उभे राहायलाही जागा मिळत नाही, कोणाचे गुडघे बोलू लागले आहेत, कोणाला धूर सोसत नाही, आणि आमच्यातली तिघे तर केव्हाच घोडबंदर रस्त्याला राहायला गेली. यंदा त्यांच्यापैकी एका मैत्रिणीने निरोप धाडला, की मानपाड्याच्या तिच्या इमारतीची गच्ची सोसायटीने रात्री अकरापर्यंत उघडी ठेवायचे कबूल केले आहे, खाली सत्तावीस मजले आहेत, साऱ्या शहराचे दारूकाम एका जागी बसून दिसेल. जेवणाला प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा आणि फराळ कोणीही, काहीही झाले तरी, आणायचा नाही.

ही शेवटची अट सर्वांना मनापासून पटली, कारण वसुबारसेपासून ज्याच्या-त्याच्या घरी चिवडा-लाडूच चालला होता आणि जिभेला तिखटाची ओढ लागली होती. मीही भरली वांगी करायचे कबूल केले. परंतु सणाच्या दिवशी कोणाच्या घरी नुसती भाजी घेऊन जाणे माझ्या सासूबाईंच्या हिशेबात बसेना, म्हणून निघताना त्यांनी चकल्यांचा एक स्टीलचा डबा पिशवीच्या तळाशी सरकवला, आणि मीही तो पाहून न पाहिल्यासारखे केले.

मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत पोहोचायला सव्वाआठ झाले. गच्चीवर दोन सतरंज्या, पाण्याच्या टाकीला टेकून ठेवलेल्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि आमच्याआधी आलेले चौघे, एवढीच मांडामांड होती. आश्विनातली अमावास्या, त्यामुळे चंद्राचा प्रश्नच नव्हता. कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि पहिला बाण फुटला तो माझ्या डोळ्यांसमोर, अगदी नाकाच्या रेषेत. जन्मभर मान वर करून पाहिलेली गोष्ट अशी समोर येऊन उभी राहिली की क्षणभर काय पाहायचे तेच कळत नाही. जमिनीवरून पाहताना आकाशात एक गोल उमलतो आणि विझतो, एवढेच आपल्याला ठाऊक असते. बाजूने पाहताना त्या गोलाचे पुढे काय होते तेही दिसते. ठिणग्या सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने सुटतात म्हणून तो गोल, आणि मग त्यांतली एकेक ठिणगी स्वतःच्या वजनाने खाली झुकू लागते, गोलाची कडा ढिली पडते आणि शेवटी त्याची वाळत घातलेल्या छत्रीसारखी काहीतरी आकृती होऊन विझते. भुईनळ्याचे तर याहून नवल. खालून तो झाड असतो; सत्तावीस मजल्यांवरून तीच एक शेवंती दिसते, जागच्या जागी थरथरणारी आणि पाहता पाहता मिटून जाणारी.

आवाजाची गंमत कळायला थोडा वेळ लागला. आमच्यात एक जण कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याने सर्वांना गप्प बसवले आणि म्हणाला, ‘‘दिसला की मोजायला लागा, ऐकू आला की थांबा.’’ हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ढोबळ मानाने तीन सेकंदांना एक किलोमीटर. दक्षिणेकडे एक मोठा लाल गोल उमलला. आम्ही सहा प्रौढ माणसे मोठ्याने एक, दोन, तीन म्हणू लागलो आणि पाचावर धप्प असे ऐकू आले. पावणेदोन किलोमीटर, म्हणजे कापूरबावडीच्या अलीकडे-पलीकडे. मग आम्हाला चाळाच लागला. कोलशेतच्या बाजूचा आठावर आला, वसंत विहार की वर्तकनगर यावर दोघांचे भांडण जुंपले आणि अंकांवरून ते मिटवावे लागले. ज्या शहरातल्या गल्ल्या आम्हाला पायांनी पाठ आहेत, ते शहर अंधारात असे आकड्यांनी चाचपडून ओळखण्यात एवढी रंगत असेल, असे मला आधी कोणी सांगितले असते तर पटले नसते. तलावपाळी मात्र काही केल्या सापडली नाही. त्या दिशेला फक्त एक तांबूस उजेड होता आणि त्यातून आवाज म्हणून वेगळा काढावा असे काही येत नव्हते.

पश्चिमेला येऊरचा डोंगर होता, म्हणजे तिथे काहीच नव्हते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. बाकी तिन्ही दिशांना चमचमाट आणि इकडे काजळ लावल्यासारखी एक सलग काळी रेघ. त्या डोंगराने आमचा हिशेबही बिघडवला. जवळच फुटलेल्या एका सुतळी बॉम्बचा आवाज आम्ही एकावरच ऐकला, आणि सात-आठ आकडे पुढे गेल्यावर तोच आवाज, थोडा जाड होऊन, डोंगराकडून परत आला. जो त्या वेळी जिना चढून नुकताच वर येत होता, त्याने हा दुसरा आवाज धरून बॉम्ब थेट येऊरमध्येच फुटल्याचे जाहीर केले. तिथल्या बिबट्यांचे या रात्री काय होत असेल, हा विषय मग निघालाच, आणि थोडा वेळ कोणी मोजले नाही.

मास्तर सोबत असला की रंगांचा तास चुकत नाही. लाल स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा आणि हिरवा मुख्यतः बेरियमचा. यांत निळा सर्वांत अवघड, कारण ज्वाला जरा जास्त तापली की तो फिका पडतो. मी मुद्दाम निळा शोधत राहिले आणि तासाभरात धड म्हणावा असा एकच सापडला. हिरवे मात्र पोत्याने होते. इथे मास्तर खवचटपणे हसला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि कमी धुराचे ‘हरित’ फटाकेच वाजवावेत असे सांगितले. तेव्हा फटाके हिरवे झाले की त्यांतला हिरवा रंगच आधी उडायला हवा होता, आणि इथे तर निम्मे आकाश हिरवे. हरित फटाक्यांची कृती ज्या ‘नीरी’ या संस्थेने बसवली ती आपल्या नागपूरचीच. त्यांत सूक्ष्म कण निदान तीस टक्के कमी निघावेत अशी अपेक्षा असते. उरलेले सत्तर टक्के नऊच्या सुमारास आम्हाला दिसू लागले: वारा पडला होता आणि दहाव्या-बाराव्या मजल्याच्या उंचीवर धुराची एक साय धरली होती, तिच्याखाली फुटणारे फटाके कंदिलाच्या मळक्या काचेआडच्या ज्योतीसारखे नुसते उजळत होते.

जेवायला बसलो ते या सायीच्या वर, स्वच्छ हवेत, हे कबूल करताना थोडे ओशाळल्यासारखे होते. कोलशेतच्या मित्राच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आल्या होत्या, पांढऱ्या पंचात चौघडी गुंडाळलेल्या. पंचा उलगडला तेव्हा आतून जी ऊब आली तिने सगळ्यांच्या माना त्या बाजूला वळल्या. एरवी त्याच्या डब्यात मासे असतात, पण लक्ष्मीपूजनाला ते घरात शिजत नाहीत, म्हणून सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा होता. चरईच्या मैत्रिणीने वालाचे बिरडे केले होते. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा, हे काम तिने दिवाळीच्या धांदलीत कधी उरकले हे तिलाच ठाऊक. नारळाचे दूध घातलेले ते बिरडे आणि ती भाकरी यांच्यापुढे माझी वांगी मागे पडली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. यजमानीणबाईंचे टोमॅटोचे सार चहाच्या थर्मासमधून आल्यामुळे त्याला वेलदोड्याचा एक अनाहूत वास होता. त्यावर कोणी काही बोलले नाही, पण दुसऱ्यांदाही कोणी मागितले नाही.

जेवताना मला बखरीतली एक गोष्ट आठवली आणि मी ती सांगितली. महादजी शिंद्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले: तिथला राजा शहराबाहेर ‘दारूची लंका’ करतो, राक्षस, वानर, रावण, सारे दारूचे, आणि मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उड्डाण करून लंका पेटवत जातो. पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली, तेव्हा तशीच लंका पुण्यात पर्वतीजवळ एका अंधाऱ्या रात्री उभी करण्यात आली आणि ती पाहायला सारे शहर लोटले. यावर कोलशेतकर एवढेच म्हणाला, ‘‘म्हणजे अमावास्या आणि उंच जागा, एवढी अक्कल त्यांनाही होती तर.’’

दहा वाजले. फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच मुभा आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महानगर प्रदेशासाठी तीच वेळ ठरवून दिली होती. आम्ही घड्याळ धरून पाहिले. दहाला आवाज किंचितही कमी झाला नाही. उलट सव्वादहाला बाळकुमच्या बाजूने असा एक बार उडाला की मोजायला सुरुवात करण्याआधीच आमच्यातल्या एकीने कानांवर हात ठेवले, आणि आवाज मात्र सावकाश, आठावर येऊन पोहोचला. तिच्या हाताकडे पाहून आम्ही खूप हसलो.

अकराला रखवालदार किल्ली घ्यायला वर आला. तोही दोन मिनिटे कठड्याशी उभा राहिला. इमारत उभी राहिल्यापासून तो इथे आहे आणि दिवाळीच्या रात्री वर येण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती, कारण त्या रात्री त्याला फाटकावरून हलता येत नाही. आम्ही खाली आलो तेव्हा फाटकापाशी कोणीतरी लवंगीची माळ लावली आणि सगळे एकदम दचकले. दिसणे आणि ऐकू येणे यांत आता काही अंतरच उरले नव्हते.

निघताना डब्यांची अदलाबदल झाली. सणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा नियम घोडबंदरलाही पाळतात, म्हणून यजमानीणबाईंनी प्रत्येकीच्या पिशवीत काहीतरी कोंबले. घरी येऊन मी माझा वांग्यांचा डबा उघडला. आत, पेपर नॅपकिनमध्ये नीट गुंडाळलेल्या, सासूबाईंच्या चकल्या होत्या.