घाटातला तांबडा थर आणि डायनासोरांचा शेवट

आंबेनळी घाट उतरताना काळ्या कातळात मध्येच तांबडी, भुसभुशीत पट्टी दिसते. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खडक कुजून झालेली ही माती. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले त्या विलोपात दख्खनच्या लाव्हाचा हात किती आणि अवकाशातून आदळलेल्या लघुग्रहाचा किती, हा वाद बराचसा या पट्टीवर चालतो, कारण लाव्हाचं वय तिच्यातून काढता येतं.

वय मोजायला झिरकॉन हे खनिज लागतं: त्यातलं युरेनियम ठरावीक गतीने शिशात बदलतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या कातळात, सिलिका कमी, त्यामुळे झिरकॉन जवळपास नसतोच. तांबड्या थरात मात्र ज्वालामुखीच्या राखेसोबत पडलेले त्याचे स्फटिक सापडतात. माती धुवायची, चुंबकाने लोहखनिजे काढायची, जड द्रवात झिरकॉन बुडवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण वेचायचा. वेचलेला कण तापवून हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवतात, म्हणजे खराब झालेला भाग विरघळतो. हे टाळलं तर निसटलेल्या शिशामुळे वय कमी भरतं. उलट, जुन्या खडकातला उसना कण आला तर वय जास्त. युरेनियम-शिसे गुणोत्तर मोजायचं ते त्यानंतर.

दुसरी वाट आर्गॉनची, म्हणजे पोटॅशियम क्षय पावून तयार होणाऱ्या वायूची. ती थेट लाव्हातल्या फेल्डस्पार या खनिजावर चालते, पण त्यात पोटॅशियम तुटपुंजं, म्हणून त्रुटी मोठी.

२०१९ मध्ये दोन्ही पद्धतींचे निकाल आले. झिरकॉनवाल्यांना चिक्शुलुबच्या (मेक्सिकोत लघुग्रह आदळला त्या) आघाताआधी मोठा उद्रेक दिसला. आर्गॉनवाल्यांना बहुतांश लाव्हा आघातानंतरचा. माझा कल आघाताकडे आहे: लघुग्रहांत भरपूर असणाऱ्या इरिडियम धातूचा थर जगभर आहे आणि समुद्री प्लवकांचे (तरंगत्या सूक्ष्म जीवांचे) जीवाश्म तिथेच एकाएकी तुटतात.