काट्याची पट्टी आणि एलपी मॉड्यूल

मागील कापूस हंगामात धरणगावजवळच्या एका जिनिंगमधून दिवाणजींचा फोन आला, "भाऊ, काटा चालू शे, पन पट्टी निंघत नही." म्हणजे वजनकाटा चालू, पण वजनाची पावती छापली जात नव्हती. चूक माझीच होती. घरच्या संगणकावरच्या उबुंटूच्या (लिनक्स प्रणालीच्या) बूट लॉगमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या नोंदींमध्ये, दर वेळी एलपी हा पॅरलल पोर्टवरून छपाई करणारा ड्रायव्हर चढला पण उपकरण सापडले नाही, अशा अर्थाची ओळ उमटत असे. ती खटकते म्हणून छपाईच्या पॅकेजांसोबत येणाऱ्या, सुरुवातीलाच चढवायच्या मॉड्यूलांच्या (प्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलच्या जोडभागांच्या) यादीतून एलपी, पीपीडेव्ह आणि पारपोर्ट_पीसी ही तिन्ही नावे मी वगळली होती, आणि तीच सेटिंग पुढे काट्याच्या संगणकावरही नेऊन ठेवली.

तिथला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून २५ पिनांच्या पॅरलल पोर्टवरच चालतो. त्या पोर्टचे आयट्रिपलई १२८४ हे प्रमाण १९९४ सालचे आहे. पण शेतकरी, गाडीवाला आणि दिवाणजी यांच्यासाठी एकाच ठोक्यात तीन कार्बन प्रती काढणे लेझर प्रिंटरला आजही जमत नाही.

जाऊन पाहिले तर पारपोर्ट_पीसी मॉड्यूल, यादीतून नाव काढलेले असूनही, चढलेलेच होते. बायोस (संगणकातला मूळ प्रोग्राम) पोर्टची ओळख कर्नलला सांगते, त्या ओळखीवरून यूडेव्ह (उपकरणांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) हे मॉड्यूल आपणहून चढवतो. एलपीचे तसे नाही. तो स्वतः कोणत्याही हार्डवेअरचा ड्रायव्हर नसून पारपोर्टवर, म्हणजे पॅरलल पोर्ट सांभाळणाऱ्या भागावर, बसणारा छपाईचा थर आहे. त्याला हाक मारणारे कोणी नसल्यामुळे एलपी० हे उपकरणच तयार होत नव्हते आणि कप्स, म्हणजे छपाई सांभाळणारा प्रोग्राम, वाट पाहत बसला होता. वरवर अडगळ वाटणारी ती यादी नेमकी ही उणीव भरून काढत होती.

तरीही प्रत्येक लॅपटॉपवर आणि व्हर्च्युअल मशीनवर ही मॉड्यूले मुळातच चढवावीत, हे मला पटत नाही. मेमरी जाते ती किरकोळ, तिचा मुद्दा नाही. पण नसलेल्या पोर्टसाठी ०x३७८ सारखे जुने पत्ते चाचपडण्याचे कारण काय? पीपीडेव्ह तर छपाईला लागतच नाही, तो पोर्टशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रामांसाठी आहे. (यूएसबी ते पॅरलल केबल वापरणाऱ्यांचे काम यूएसबीएलपी या वेगळ्याच मॉड्यूलवर चालते.)

म्हणून मॉडप्रोबच्या (मॉड्यूले चढवणाऱ्या आज्ञेच्या) सेटिंगमध्ये मी सॉफ्टडेपची एकच ओळ घातली: पारपोर्ट_पीसी चढले की त्यामागोमाग एलपी चढवावे. बायोसने जाहीर केलेला पोर्ट किंवा पीसीआय कार्ड असेल तिथे एवढे पुरते. स्वतःची ओळख न सांगणाऱ्या जुन्या आयएसए कार्डांना मात्र यादीच हवी. आता घरी आणि काट्यावर सेटिंग एकच आहे. काट्याच्या लॉगमध्ये एलपी० पारपोर्ट० वापरत असल्याची ओळ दिसते, घरच्या लॉगमध्ये दोघांचेही नाव नाही. त्या दिवशी मात्र फाटकाबाहेरच्या ट्रॅक्टरांच्या पट्ट्या दिवाणजींना कार्बन लावून हातानेच लिहाव्या लागल्या.