रजिस्टरात न आलेल्या बायका

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाच्या ओपीडीला मी काही वर्षं समुपदेशक होते, आणि महिनाअखेरीला रिपोर्ट भरताना दर वेळी एकच गोष्ट खटकायची. किती पेशंट आले, किती किट वाटले, हे सगळं बरोबर जुळायचं. पण बरं कोण झालं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे लक्षणं बघून रंगाचं किट देतात. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल किंवा बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाला सूज असेल तर ग्रे किट, म्हणजे अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. योनीमार्गाला इन्फेक्शन असेल तर हिरवं. लॅबची वाट बघायची नाही, त्याच दिवशी औषध सुरू, आणि खेड्यातून एसटीने आलेल्या माणसासाठी ही पद्धत खरंच चांगली आहे, कारण तो रिपोर्ट घ्यायला परत येईलच असं नाही.

अडचण पुढे आहे. बाई सांगते "अंगावरून पांढरं जातंय", आता ग्रे द्यायचं का हिरवं हे ठरवायला स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून धरायचं साधन, लावून आतून बघावं लागतं, त्याला टेबल पाहिजे, लाईट पाहिजे, पडदा पाहिजे आणि डॉक्टरला दहा मिनिटं पाहिजेत. आमच्याकडे ओपीडीच्या गर्दीत ते बऱ्याचदा व्हायचं नाही, मग तपासणी न करताच हिरवं किट हातात. एक बाई अशी तीनदा आली. तिसऱ्यांदा मला म्हणाली, "ताई, गोळ्या घेतल्या की आठ दिस बरं वाटतं, मालक सुट्टीला येऊन गेले की परत तेच." मालक बाहेरगावी कामाला. त्यांनाही उपचाराला या म्हणून चिठ्ठी दिली होती, ते काही आले नाहीत. रजिस्टरात मात्र तिन्ही वेळा उपचार दिले अशी नोंद, म्हणजे आमच्या हिशोबात तीन यशस्वी केसेस! जोडीदाराच्या उपचाराचा रकाना होता की, त्यातला आकडा छोटासाच असायचा, पण मीटिंगमध्ये त्यावर कुणी थांबायचं नाही, सगळी चर्चा टार्गेट पूर्ण झालं का याचीच.

आणि ज्या आल्याच नाहीत त्यांचं काय? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली होती, 1989 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, एकेकीला सरासरी 3.6 आजार, आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला आकडा वेगळाच आहे, त्यातल्या 45 टक्के बायकांची काहीच तक्रार नव्हती. लक्षणांवर चालणारी ओपीडी या बायकांपर्यंत पोचणार कशी? क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू तर बाईच्या अंगात गुपचूप बसून राहतो, पुढे गर्भनलिका बंद होतात आणि मूल होत नाही म्हणून बोलणी तिलाच खावी लागतात.

म्हणून वाटतं की गुप्तरोगाचा सरकारी कार्यक्रम कसा चाललाय हे बघायला येणाऱ्या टीमने किटचा स्टॉक मोजून निघून जाऊ नये, दोन गावांत जाऊन तपासण्या कराव्यात, परत आलेल्या पेशंटशी बोलावं.

सिफिलिसचं, म्हणजे गरमीचं, तर मला फार वाईट वाटतं, कारण तिथे उपाय हातात आहे. गरोदरपणात व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची रक्ततपासणी, होते, लवकरच्या टप्प्यातला आजार असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं एक इंजेक्शन पुरतं, आणि आईकडून बाळाला होणारा सिफिलिस थांबवल्याबद्दल श्रीलंकेला 2019 मध्ये डब्ल्यूएचओचं सर्टिफिकेटसुद्धा मिळालं. आपल्याकडे रिअॅक्शनच्या भीतीने इंजेक्शन द्यायला टाळतात, "जिल्ह्याला जा" म्हणून चिठ्ठी देतात, आणि सातव्या महिन्यातली बाई एकटी जिल्ह्याला कशी जाणार हे कुणी विचारत नाही. डिलिव्हरीच्या निदान महिनाभर आधी डोस मिळाला तरच बाळाच्या दृष्टीने आईचा उपचार पुरेसा धरतात. त्यामुळे किती जणींची टेस्ट केली हे राहू द्या, पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकीला इंजेक्शन कुठल्या तारखेला मिळालं आणि तेव्हा डिलिव्हरीला किती दिवस होते, एवढं तरी दर महिन्याला नावानिशी विचारा.